हे नेटवर्क विसरायचे?

राऊटर उपडा केला की पोटावर चिठ्ठी दिसते,
कारखान्यातून चिकटवून आलेली,
जन्मल्या बाळाच्या मनगटाला बांधतात तशी:
नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.
मी प्रत्येक घरी सांगतो, आधी हे बदला.
कुलूप नवं आणलंत खरं,
पण दुकानातल्या सगळ्या कुलपांना हीच किल्ली लागते.
लोक हसतात. आमच्याकडे काय चोरायचंय, पाताडे?

अकरा वर्षं विक्रोळीत वायर ओवतोय मी,
कन्नमवार नगर, टागोर नगर,
जिथे लिफ्ट आहे तिथे आणि बहुतेक जिथे नाही तिथे.
पासवर्ड घालताना मी पाठ फिरवतो,
खिडकीतून खालच्या स्कूटरी मोजतो.
पण म्हातारी माणसं बोलत बोलत टाइप करतात.
कुळये काका एका बोटाने: एम... यू... जी...
मुग्धा, आणि पुढे तिचं साल.
मुग्धा समोरच होती, फ्रेममध्ये, चंदनी हारात.
मी म्हणालो, नाव नको काका, साल तर नकोच,
काहीतरी वेडंवाकडं ठेवा, ज्याला अर्थ नाही असं.
ते म्हणाले, अर्थ नसेल तर लक्षात कसं राहील?
कंपनीच्या पुस्तिकेत यावर काही दिलेलं नाही.

मार्चमध्ये शिरवईकर बाईंचा फोन आला.
लेकाने बंगळुरूहून ॲपवर पाहिलं होतं,
घरात कुणीतरी शिरतंय.
मी यादी उघडली. नऊ.
बाई बोटांवर मोजू लागल्या, पंगतीला पानं मोजावीत तशा:
हा माझा, हा यांचा, हा टीव्ही, हा दाराचा कॅमेरा,
हे सुनेचं घड्याळ, विसरून गेली,
हा जुना टॅब, कपाटात असतो पण जिवंत आहे,
पंखा (हो, पंखासुद्धा), आणि तो गाणी म्हणणारा डबा.
आठ झाले.
नववा नुसते आकडे, अक्षरं आणि टिंबं.
रात्री दीडला येतो, पहाटे निघून जातो.
बाई उठल्या, दाराची कडी बघून आल्या.
कडी जागच्या जागी होती.
म्हणाल्या, शेजारचा दाभोळे. बघा, माणूस कधी डोळ्याला डोळा देत नाही.

ते आकडे मी पुन्हा वाचले.
मग माझ्या फोनमध्ये जाऊन आणखी एकदा.
रात्रपाळीत त्यांच्याच खिडकीखाली,
वायरींच्या पेटीला बाइक टेकवून मी डुलकी काढतो.
फोन खिशात असतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही
की काम संपलं की ओळख संपते.
तो जुन्या सलगीने आत शिरतो,
दिवसभराचे फोटो वर चढवतो,
आणि मी खाली घोरत असतो.

दाभोळे नाहीत, एवढं मी म्हणालो.
पासवर्ड बदलला. चौदा अक्षरं, अर्थ एकाचाही नाही.
पाहुण्यांसाठी वेगळी वाट करून दिली.
बाईंनी कोकम सरबत दिलं, वर दोनशे रुपये.
दोनशे रुपये मी घेतले.

त्या रात्री बाइक लांब, नाल्याच्या कठड्याशी लावली
आणि फोनची यादी काढली.
आजवर उघडलेलं प्रत्येक घर त्यात होतं:
साईकृपा ३०२. दळवी वरचे. फुकट मागू नये.
डॉक्टर गोगरी दवाखाना. नवरदेव.
फोन दर वेळी विचारत होता, हे नेटवर्क विसरायचे?
विसर. विसर. विसर.
दोनशे चाळीसच्या आसपास अंगठा दुखायला लागला.
शेवटाकडे कुळये आले. तेही.

फोन विसरला.
मला मात्र एम, यू, जी अजून पाठ आहे, सालासकट.
जाऊन सांगायला हवं, काका, बदला.
का, म्हणून विचारतील.
क्लिपा, पक्कड, टेप पिशवीत भरतोय,
अजून तेवढं सुचलेलं नाही.